क्रूझला निघताना पासपोर्टची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण, आपली पत्नी, 71 वर्षांच्या आई, 11 वर्षांचा मुलगा आणि 4 वर्षांची मुलगी असे पाच जण ठाण्याहून निघून 16 मे 2026 रोजी मुंबईहून विमानाने सिंगापूरला जाणार आहात. 18 मे रोजी तेथून चार रात्रींची क्रूझ, वाटेत मलेशियातील पिनांग आणि थायलंडमधील फुकेत, 22 मे रोजी पुन्हा सिंगापूर आणि 24 मे रोजी मुंबई असा कार्यक्रम आहे. आईंच्या पासपोर्टची मुदत 19 नोव्हेंबर 2026 रोजी संपते, आणि ‘निघताना सहा महिने भरतात, काळजी करू नका’ असे एजंटाने सांगितले आहे. मुलाचा पासपोर्ट 2021 च्या ऑगस्टमध्ये काढलेला असल्यामुळे त्याचा प्रश्नच नाही असे आपण धरून चालला आहात. मुलीचा पासपोर्ट अजून काढायचा आहे. पत्नीचे नाव पासपोर्टवर माहेरचे आणि आधार कार्डावर सासरचे आहे, आणि क्रूझचे बुकिंग आधार कार्डावरच्या नावाने झाले आहे. प्रवासाला अजून चार महिने आहेत, तर ही कागदपत्रे चालतील का, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात एका पर्यटन संस्थेत व्हिसा आणि प्रवासाच्या कागदपत्रांचे काम पाहते, आणि क्रूझचे प्रवासी हा त्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून सरळ उत्तर द्यायचे तर आईंचा पासपोर्ट या प्रवासाला पुरणार नाही, मुलाचाही पुरणार नाही, आणि पत्नीचे बुकिंग आज ज्या नावाने आहे त्या नावाने त्यांना जहाजावर चढता येणार नाही. चार महिने हाताशी असल्यामुळे यातले काहीही हाताबाहेर गेलेले नाही. मात्र ही कामे कोणत्या क्रमाने करायची यावर बरेच अवलंबून आहे, म्हणून कारणांसकट लिहिते.

प्रथम एजंटाच्या म्हणण्याकडे पाहू. त्यांचा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. 16 मे ते 19 नोव्हेंबर हे अंतर सहा महिने आणि तीन दिवसांचे आहे, आणि सिंगापूर परदेशी प्रवाशाकडे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट मागते. मुंबई विमानतळावर विमानकंपनीचे कर्मचारी ‘टिमॅटिक’ या माहितीसंचात नियम पाहतात. त्यांच्यापुढे मुंबई–सिंगापूर–मुंबई एवढाच प्रवास असतो, त्यामुळे तेथे आईंना बहुधा कोणी अडवणार नाही. अडचण पुढे आहे. क्रूझमध्ये आपण एकाच देशात दोनदा प्रवेश करता. 18 मे रोजी मरीना बे क्रूझ सेंटरमधून निघताना आपण सिंगापूर सोडता आणि 22 मे रोजी पिनांग व फुकेत करून तेथे नव्याने दाखल होता. 22 मेपासून सहा महिने मोजले तर 22 नोव्हेंबर येतो, आणि आईंचा पासपोर्ट त्याच्या तीन दिवस आधीच संपतो.

ही तफावत सिंगापूरच्या इमिग्रेशनला 22 मे रोजी दिसेल, पण तिथवर गोष्ट जाणारच नाही, कारण जहाजकंपनीला ती 18 मे रोजीच दिसेल. प्रत्येक प्रवाशाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत यांची यादी जहाजकंपनी वाटेतल्या बंदरांना आधी पाठवते. प्रवेश नाकारलेल्या माणसाला परत आणण्याचा खर्च आणि अनेक देशांत वर दंडही वाहतूक करणाऱ्या कंपनीच्या माथी येतो. म्हणून क्रूझच्या काउंटरवरची मंडळी सीमेवरच्या अधिकाऱ्यापेक्षा कडक वागतात, आणि ‘तीनच दिवस कमी आहेत’ ही विनवणी तेथे ऐकली जात नाही. बहुतेक जहाजकंपन्यांच्या अटींत सहा महिने हे क्रूझ संपण्याच्या दिवसापासून मोजले जातात. आमच्या टेबलावर आम्ही त्याहूनही पुढचा दिवस धरतो, म्हणजे भारतात परत उतरण्याचा. खराब हवामानामुळे जहाज उशिरा लागले, कोणी आजारी पडून वाटेत रुग्णालयात राहावे लागले, तर ते दोन दिवस पदरात असलेले बरे. त्या हिशेबाने आपल्या प्रवासासाठी प्रत्येक पासपोर्टची मुदत किमान 24 नोव्हेंबर 2026 पर्यंत हवी.

सहा महिन्यांचा नियम सगळ्या जगाला सारखा लागू आहे असे मात्र समजू नये. युरोपातील शेंगेन देशांसाठी तेथून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने मुदत आणि दोन कोरी पाने लागतात. शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. जहाजकंपनीची अट त्या देशाच्या नियमापेक्षा कडक असू शकते, आणि एकाच फेरीत चार देश असतील तर त्यांतला सर्वांत कडक नियम आपल्याला लागू होतो. म्हणून ‘अमक्याच्या शेजाऱ्यांना पाच महिन्यांवर सोडले होते’ अशा हकिकती खऱ्या असल्या तरी त्या आपल्या मार्गाला लागू पडतीलच असे नाही.

आता मुलाचा पासपोर्ट. भारतात प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण अल्पवयीन मुलांचा पाच वर्षांचा किंवा वयाची 18 वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तेवढाच असतो. 15 ते 18 या वयोगटाला दहा वर्षांचा पासपोर्ट मागण्याची मुभा आहे, पण आपला मुलगा त्यात बसत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये दिलेला पासपोर्ट 2026 च्या ऑगस्टमध्ये संपणार, म्हणजे मे महिन्यात त्याची जेमतेम तीन महिन्यांची मुदत उरणार. पालक आपल्या पासपोर्टच्या हिशेबाने ‘अलीकडेच तर काढला’ असे म्हणतात आणि मुलाची पुस्तिका उघडूनही पाहत नाहीत, हे आमच्याकडे दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दिसते. शिवाय सहाव्या वर्षी काढलेल्या फोटोतला दुधाचे दात पडलेला मुलगा आणि समोर उभा असलेला 11 वर्षांचा मुलगा यांत साम्य शोधावे लागते. नूतनीकरणात नवा फोटो येतो, हाही एक फायदाच.

पत्नीच्या नावाचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा वाटतो. परदेशी क्रूझला पासपोर्ट हाच ओळखीचा कागद असतो. आधार कार्ड सिंगापूरमध्ये कोणी पाहत नाही, त्यामुळे आधार आणि पासपोर्ट जुळत नाहीत ही प्रवासापुरती अडचण नाही. अडचण आहे ती बुकिंग आणि पासपोर्ट न जुळण्याची. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनावच नव्हे, तर कित्येकदा पाळण्यातले नावही बदलते. मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते. म्हणजे माहेरच्या आणि सासरच्या नावांत एकही शब्द समान नाही असे सहज घडते, आणि परदेशातल्या काउंटरवरच्या माणसाला ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे समजण्याचा कोणताही मार्ग नसतो.

नाव ताडून पाहण्याची आमची पद्धत सांगते, ती घरीही करता येईल. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत 44 अक्षरे असतात आणि यंत्र त्याच वाचते. पहिल्या ओळीत सुरुवातीला पासपोर्टचा प्रकार आणि देशाचे संक्षिप्त नाव, मग आडनाव, त्यानंतर दोन बाण आणि पुढे स्वतःचे नाव व मधले नाव असते. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, देश, जन्मतारीख, स्त्री की पुरुष हे दाखवणारे अक्षर आणि मुदत संपण्याची तारीख असते. यातल्या तारखा उलट्या क्रमाने, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा येतात. आईंच्या पासपोर्टमध्ये मुदतीच्या जागी 261119 असे दिसेल. बुकिंगचा कागद या दोन ओळींशेजारी धरून एकेक अक्षर बोटाने पुढे सरकत मोठ्याने वाचावे. ‘लक्ष्मी’त रोमन लिपीतले एक्स आहे की के आणि एस, ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात डी आणि एनने आहे की जीने, ‘विद्या’मध्ये एक एच जास्त आहे का, या गोष्टी डोळ्यांनी नुसते पाहून सुटतात आणि बोटाने वाचून सापडतात.

असाच एक सापळा तारखांचा आहे. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस आणि मग महिना असतो, तर अमेरिकी जहाजकंपन्यांच्या संकेतस्थळांवर बरेचदा आधी महिना विचारतात. 19 नोव्हेंबर चुकीच्या क्रमाने भरला तर एकोणिसावा महिना नसल्यामुळे संगणक लगेच हरकत घेतो, पण 5 ऑगस्ट गुपचूप 8 मे होऊन बसतो आणि ते काउंटरवरच कळते.

पत्नीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पासपोर्ट आहे तसा ठेवायचा आणि क्रूझ, विमान, विमा, व्हिसा असे सगळे माहेरच्या नावाने करून घ्यायचे. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवली की पुरते. दुसरा मार्ग म्हणजे पासपोर्टवर सासरचे नाव लावून घेण्यासाठी तो पुन्हा काढायचा. केवळ आडनाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्रावर काम होते. पाळण्यातले नावही बदलले असेल तर राजपत्रातील नोंद किंवा वर्तमानपत्रांतील जाहिराती अशी जादा कागदपत्रे लागू शकतात आणि वेळ वाढतो. एरवी मी डोळे झाकून पहिला मार्ग सुचवला असता. आपल्या बाबतीत मात्र मुलीच्या पासपोर्टमुळे थोडे थांबून विचार करावा लागतो.

मुलीच्या अर्जात आईचे नाव लिहावे लागते, आणि पासपोर्ट सेवा केंद्रात मुलीचा जन्मदाखला व आई-वडिलांचे पासपोर्ट एकमेकांशी ताडून पाहिले जातात. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव बहुधा सासरचे असते, कारण रुग्णालयात तेच सांगितलेले असते. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर खिडकीपलीकडचा अधिकारी विचारणार की या दोन्ही एकच व्यक्ती कशावरून. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावे स्पष्ट असतील तर प्रश्न तेथेच मिटतो. प्रमाणपत्रावर एकच नाव असेल, किंवा लग्नाची नोंदणीच झालेली नसेल, तर मुलीचा अर्ज अडतो, आणि पर्यायाने सगळ्या कुटुंबाचा प्रवास अडतो. म्हणून आज संध्याकाळी पहिल्यांदा ते प्रमाणपत्र काढून पाहा. त्यावर दोन्ही नावे असतील तर पत्नीचा पासपोर्ट आहे तसाच ठेवा आणि फक्त बुकिंग सुधारून घ्या. नसतील तर आधी विवाह नोंदणीचे आणि पत्नीच्या नावाचे मार्गी लावून मगच मुलीचा अर्ज करा. अल्पवयीन मुलांच्या अर्जासोबत ‘अनेक्श्चर डी’ हे आई-वडील दोघांच्या सहीचे निवेदन द्यावे लागते. त्यातली आईची सही तिच्या पासपोर्टवरच्या सहीशी जुळेल असे पाहा.

जन्मदाखल्याबद्दल आणखी एक गोष्ट. मूल जन्मल्यावर लगेच घेतलेल्या दाखल्यावर बाळाचे नाव नसते, ती जागा कोरी असते. शाळेच्या प्रवेशापर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या मुलीच्या दाखल्यावर नाव नसेल तर ठाणे महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून ते आधी लावून घ्यावे लागेल. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखलाच चालतो. आपली मुलगी त्याआधीची आहे, तरी लहान मुलांसाठी तोच सर्वांत बिनतक्रार कागद आहे.

इथवरचे एकत्र सांगायचे तर आईंचा आणि मुलाचा पासपोर्ट नव्याने काढायचा, मुलीचा पहिल्यांदा काढायचा, आणि पत्नीचे बुकिंग पासपोर्टच्या नावावर आणायचे. आता क्रमाकडे वळते.

आपल्याकडे पासपोर्ट नव्याने काढला की क्रमांक बदलतो आणि जुना रद्द होतो. जुन्या पुस्तिकेत उरलेले महिने नव्यात मिळत नाहीत. मुदत संपण्याआधी एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्यामुळे आईंचा आणि मुलाचा अर्ज आजही करता येईल. क्रमांक बदलला म्हणजे त्यावर बेतलेले सगळेच बदलावे लागते. सिंगापूरचा व्हिसा अर्जात दिलेल्या पासपोर्ट क्रमांकावर निघतो. जहाजाचे ऑनलाइन चेक-इन, विमानकंपनीला दिलेली माहिती आणि प्रवास विमा यांवरही तोच क्रमांक असतो. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग बाकीचे. घाई करून जुन्या पासपोर्टवर व्हिसा काढायचा आणि नंतर नूतनीकरणाला जायचे, असे करू नये. कुटुंबातल्या कोणाच्या जुन्या पासपोर्टमध्ये दुसऱ्या देशाचा चालू व्हिसा असेल, उदाहरणार्थ अमेरिकेचा दहा वर्षांचा, तर केंद्रात ते आधीच सांगावे. जुनी पुस्तिका रद्द झाली तरी तो व्हिसा पुढे वापरता येतो, पण दोन्ही पुस्तिका बरोबर बाळगाव्या लागतात आणि व्हिसाचे पान शाबूत असावे लागते.

खर्च फार नाही. प्रौढांना 36 पानांच्या पासपोर्टला 1,500 रुपये आणि अल्पवयीनांना 1,000 रुपये शुल्क आहे. तत्काळ हवा असल्यास वर 2,000 रुपये पडतात. चार महिने असताना तत्काळची गरज पडू नये. वेळ कोठे जातो तर पोलीस पडताळणीत. आईंच्या जुन्या पासपोर्टवर पत्ता वेगळा असेल, घर बदललेले असेल आणि आधारवर अजून जुनाच पत्ता असेल, तर पडताळणीचा कागद जुन्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत फिरत राहतो. अर्जापूर्वी आधारवरचा पत्ता बदलून घेणे शहाणपणाचे. पासपोर्टच्या नावाने भलतेच शुल्क उकळणारी बनावट संकेतस्थळे पुष्कळ आहेत, तेव्हा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरूनच करावा.

आईंच्या पिढीत जन्मतारखेचाही घोळ असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून दिलेली 1 जून ही तारीख पासपोर्टवर, आणि आधारवर नुसतेच वर्ष किंवा तिसरीच तारीख, असे अनेक घरांत आढळते. दोन्हींत फरक असेल तर पासपोर्टवरची तारीख बदलण्याच्या फंदात प्रवासापूर्वी पडू नका. ते काम लांबते. आधारवरची तारीख पासपोर्टप्रमाणे करून घेणे सोपे, पण ती दुरुस्ती सर्वसाधारणपणे एकदाच करता येते, म्हणून योग्य पुराव्यानिशी करावी. आईंच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते, असा उल्लेख असेल तर त्याने घाबरू नये. मलेशिया आणि थायलंड ही नावे त्या देशांच्या यादीत असली तरी ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, पर्यटकांना लागत नाही.

पुस्तिकेची अवस्था हा भाग लोक हसण्यावारी नेतात. खिडकीजवळच्या उजेडात पासपोर्ट तिरपा धरून पाहा. फोटोच्या पानावरचे आवरण कोपऱ्यात सुटले आहे का, शिलाईचा दोरा सैल झाला आहे का, पानांना पाण्याचा डाग आहे का, मुलाने मागच्या पानावर पेनाने गाडी काढून ठेवली आहे का. हौसेने घेतलेला पर्यटनस्थळाचा शिक्काही पासपोर्टवर नको. एजंट मागच्या कव्हरवर आपल्या कार्यालयाची चिकटपट्टी लावतात. ती ओढून काढताना कव्हर फाटते, म्हणून लावूच देऊ नये. घट्ट प्लास्टिकच्या कव्हरात वर्षानुवर्षे ठेवलेल्या पुस्तिकांचे आवरण वाकते, हेही पाहण्यात आहे. आपला आणि पत्नीचा पासपोर्ट मुदतीत असला तरी या नजरेने तपासा, आणि समोरासमोरची दोन पाने कोरी आहेत ना ते पाहून घ्या.

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून येथे थोडक्यात. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो, आणि आपल्याला दोनदा प्रवेश करायचा असल्यामुळे हाती आलेल्या व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा लिहिलेली आहे का, हे वाचून घ्या. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे आणि थायलंडनेही अशी सवलत दिलेली आहे. पण या सवलती मुदतीच्या किंवा मागे घेता येण्याजोग्या असतात, तेव्हा निघण्याच्या महिन्यात जहाजकंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. ‘मी बंदरावर उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहीन’ असे म्हणून व्हिसा टळत नाही. जहाज ज्या देशांत थांबते त्यांची कागदपत्रे प्रत्येक प्रवाशाकडे असावीत अशी बहुतेक कंपन्यांची अट असते.

सिंगापूरचे आगमनपत्र, म्हणजे ‘एसजी अरायव्हल कार्ड’, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते विनामूल्य आहे. तेही दोन प्रवेशांसाठी दोनदा भरावे लागते, एकदा 16 मेच्या विमानासाठी आणि एकदा 22 मेच्या जहाजासाठी. दुसऱ्यांदा भरायचे क्रूझवर असताना लक्षात राहत नाही आणि समुद्रावरचे इंटरनेट महाग व संथ असते, म्हणून मुदत सुरू होताच ते भरून टाकावे. मलेशिया आणि थायलंडचीही अशी डिजिटल पत्रे आहेत. क्रूझच्या प्रवाशांनी त्यांचे काय करायचे याची सूचना जहाजाकडून येते, ती वाचावी.

असाच विचार करणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप अशी देशांतर्गत क्रूझ असेल तर पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक मूळ स्वरूपात लागतो. पॅन कार्डावर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो आणि क्रूझवर तो सहसा कंपनीच काढते, म्हणून त्यांनी मागितलेली कागदपत्रे दिलेल्या तारखेच्या आत पाठवावीत. मुलांचे निळे बाल आधार असेल तर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व फोटो नव्याने द्यावे लागतात, तेही पाहून घ्या. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन परदेशी क्रूझला जाणार असतील तर आई-वडील दोघांचेही नोटरी केलेले संमतीपत्र हवे.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील तेथून क्रूझला जातात, त्यांनी विशेष जपावे. त्याच बंदरात परत येणाऱ्या फेऱ्यांत अमेरिकी नागरिकांना जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र यांवर जाता येते, त्यामुळे नातू पासपोर्टशिवाय जहाजावर चढताना दिसतो. भारतीय पासपोर्टधारकाला ती सवलत नाही. त्यांच्याकडे पासपोर्ट तर हवाच, शिवाय जहाज परत येईल त्या दिवशी अमेरिकेचा व्हिसा चालू असला पाहिजे आणि तो एकाहून अधिक प्रवेशांचा असला पाहिजे.

पुन्हा आपल्याकडे येते. प्रत्यक्ष चढण्याच्या दिवशी पाचही पासपोर्ट, व्हिसाच्या छापील प्रती, परतीचे विमान तिकीट आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतल्या की खोलीत पोहोचेपर्यंत पुन्हा हाती लागत नाहीत. आशियातल्या काही फेऱ्यांत जहाजावर पासपोर्ट जमा करून घेतात आणि शेवटी परत देतात. हे नेहमीचे आहे, त्यामुळे धास्तावू नका, पण फोटोच्या व शेवटच्या पानाची छापील प्रत प्रत्येकाकडे असू द्या. कागदपत्रे अपुरी म्हणून चढू दिले नाही तर जहाजकंपनी पैसे परत करत नाही आणि बहुतेक प्रवास विमे ते नुकसान भरून देत नाहीत.

म्हणून या आठवड्यात आईंच्या आणि मुलाच्या अर्जासाठी ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, आणि त्याच दिवशी पत्नीच्या नावाची दुरुस्ती जहाजकंपनीकडे व विमानकंपनीकडे लेखी मागा. विमानकंपन्या या बाबतीत जास्त ताठर असतात, एखादे अक्षर सुधारून देतात पण संपूर्ण नाव बदलायला नवे तिकीट काढायला लावू शकतात, तेव्हा विमानाचे तिकीट अजून काढले नसेल तर ते पासपोर्ट हाती आल्यावरच काढा. क्रूझची उरलेली रक्कम भरण्याची अंतिम तारीख एजंटाला विचारून घ्या. त्या तारखेपर्यंत मुलीचा पासपोर्ट हाती आला नसेल तर पूर्ण रक्कम भरण्याऐवजी पुढच्या फेरीवर बुकिंग हलवता येते का, हे विचारण्याची वेळ तीच आहे, कारण ती उलटली की रद्द करण्याचे शुल्क चढत जाते.